वीज गेली की संप ओसंडतो? नवा मोठा संप घेण्याआधी एवढं तपासा

संप म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या (रीफ) टाकीखाली, कपाटात ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या दातेरी कडेवरून ड्रेनच्या पाइपाने तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. आधी लक्षणं. यातली दोन-तीन तुमच्याकडे दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

- रिटर्न पंप बंद पडला की पाच-दहा मिनिटांत संप काठोकाठ भरतो, कधी थेट फरशीवर येतो. गंमत म्हणजे दर वेळी नाही. चारदा निभावतं, पाचव्यांदा पुसणी शोधावी लागते.
- दोन दिवस लक्ष दिलं नाही की रिटर्न पंप घरघरायला लागतो आणि वरच्या टाकीत पिठासारखे बारीक बुडबुडे पसरतात.
- स्किमरचा (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप आज घट्ट, काळपट; उद्या त्यात नुसतं फिकट पाणी.
- वीज परत आल्या आल्या तोच कप भसाभसा भरून वाहतो.
- ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवलेली क्षारता दोन-तीन दिवसांत ३६ कडे सरकते.
- ड्रेनच्या तोंडाशी गोगलगाय अडकली आणि वरची टाकीच भरून वाहिली. हे शेवटचं लक्षण बाकीच्यांच्या उलट्या बाजूचं आहे, त्याकडे नंतर येतो.

यावर सगळीकडे एकच निदान ऐकू येतं: संप लहान आहे, मोठा घे. (संप म्हटलं की लोकांना कामगारांचा आठवतो. आपला संपही मागण्या मान्य झाल्याशिवाय मिटत नाही, पण तो विषय वेगळा.) माझा अनुभव असा, की ज्या कपाटांत मी डोकं घातलं त्यातल्या बहुतेकांत संपाचं माप ठीक होतं. चुकलं होतं ते वरून खाली येणाऱ्या पाण्याचं गणित. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन फुकटच्या आहेत.

पंप बंद करून नुसतं बघत बसा

लागतं काय, तर चिकटपट्टी, पेन, एक बादली आणि जुना टॉवेल. सगळं सुरू असताना संपाच्या प्रत्येक कप्प्यात पाणी जिथे आहे तिथे काचेवर पट्टी लावा. रिटर्नच्या कप्प्यात तुम्ही जास्तीत जास्त जिथपर्यंत पाणी भरता तिथपर्यंत भरूनच ही चाचणी करा. आज जे थोडं कमी असेल त्यावर नको. मग रिटर्न पंपाचं बटण बंद करा आणि हात बटणावरच ठेवा.

पाणी वेगाने चढतं, मग मंदावतं, मग नुसतं ठिबकतं. ठिबकणं थांबेपर्यंत हलू नका. शेवटचे दोन-तीन लिटर फार सावकाश येतात आणि नेमके तेच फरशीवर जातात. पाणी काठापासून दोन सेंटिमीटरवर आलं आणि तरी चढतच असेल, तर पंप लगेच सुरू करा. पंप पाणी परत वर ओढतो, बादलीची गरजही पडत नाही. थांबलेल्या पातळीवर दुसरी पट्टी लावा.

या दोन पट्ट्यांमधलं पाणी हाच संपाच्या मापाचा खरा आधार. 'टाकीच्या एक तृतीयांश संप' वगैरे ठोकताळे दुकानात उभं राहून अंदाज बांधायला बरे, पण वीज गेल्यावर टाकी त्या ठोकताळ्याला विचारून रिकामी होत नाही.

"दर वेळी नाही, कधीतरीच" या तक्रारीचं उत्तरही बहुतेकदा इथेच मिळतं. एका मित्राकडे संप महिन्यातून एकदा सांडायचा. तो म्हणाला, "काही पॅटर्नच नाही रे याला." पॅटर्न होता. बाहेर जायच्या आदल्या रात्री तो रिटर्नचा कप्पा काठापर्यंत भरून ठेवायचा, पंप कोरडा पडू नये म्हणून. त्या पाच-सहा लिटरांनी राखीव जागा खाल्ली, की पुढच्या वेळी वीज जाताच पाणी बाहेर. त्याने दुप्पट मोठ्या संपाची चौकशीही करून ठेवली होती. शेवटी एका पट्टीवर भागलं: 'याच्या वर भरू नये'.

आता मोजपट्टी आणि थोडं गणित

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००: झाले लिटर. मापं काचेच्या आतली घ्या.

एक उदाहरण धरू. वरची टाकी आतून ११८ बाय ५८. म्हणजे तिच्यातलं एक सेंटिमीटर पाणी जवळपास ६.८ लिटर. खाली संपात स्किमरचा भाग ५८ बाय ३८ आणि रिटर्नचा कप्पा २८ बाय ३८. म्हणजे तिथे एका सेंटिमीटरला अनुक्रमे २.२ आणि १.०६ लिटर. दोन्ही मिळून ३.३ च्या आसपास. सोप्या भाषेत, वरचं एक बोट पाणी खाली दोन बोटं होऊन उतरतं. हे प्रमाण डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं.

पंप बंद झाल्यावर खाली काय काय येतं? ओव्हरफ्लोच्या दातांच्या तळापासून वर जो पाण्याचा थर वाहत असतो, तो. समजा दीड सेंटिमीटर, म्हणजे १० लिटर. ओव्हरफ्लो बॉक्समधलं पाणी आतल्या पाइपाच्या तोंडापर्यंत उतरतं, ते समजा ३ लिटर. दोन्ही पाइपांत भरलेलं पाणी, २ लिटर. आणि रिटर्नचं नॉझल (पाइपाचं वरच्या टाकीतलं तोंड) दातांच्या तळाखाली ३ सेंटिमीटर बुडलेलं असेल तर उलट्या सायफनने आणखी २० लिटर. बेरीज ३५.

संपात जागा किती? स्किमरच्या भागात पाणी ३० वर आणि रिटर्नमध्ये २२ वर चालतंय, काच ३९ उंच. काठाखाली ३ सेंटिमीटर मोकळे ठेवायचे तर ३६ पर्यंतच मोजायचं: १३ आणि १५, एकूण २८ लिटर. अगदी काठापर्यंत मोजलं तरी ३८. म्हणजे ३५ लिटर आले तर पाणी काठाशी येऊन थांबतं. वर तीन लिटरांची पुंजी. मित्राच्या पाच लिटरांचं काय झालं असेल ते कळलंच.

आता पुन्हा बेरजेकडे बघा. ३५ पैकी २० लिटर एकट्या नॉझलचे आहेत.

नॉझल किती खोल बुडालंय?

पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं वाहू लागतं, ते नॉझलच्या तोंडाची वरची कड उघडी पडून हवा आत शिरेपर्यंत. तेव्हा नॉझल जितकं खोल, तितकी टाकी रिकामी. नॉझल वर उचला किंवा तोंड वळवा, इतकं की त्याची वरची कड दातांच्या तळाच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली राहील. आपल्या उदाहरणात १७ लिटर तिथेच वाचतात. ३५ चे १८ होतात आणि जो संप 'लहान' होता तो ऐसपैस वाटायला लागतो. त्याच संपात, एक पैसा न घालवता.

टाकीत खालपर्यंत प्रवाह हवा म्हणून नॉझल खोल ठेवलंय, असं बरेच जण सांगतात. प्रवाहासाठी आत वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप) असतात. रिटर्नचं काम पाणी वर आणून सोडणं, एवढंच.

नॉझल हलवता येत नसेल तर त्याच पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ५-६ मिलिमीटरचं भोक पाडतात, सायफन तोडायला. पाडा, पण त्याच्यावर झोपू नका. कोरलाइन शैवाल आणि मिठाच्या खपल्यांनी ते महिन्या-दोन महिन्यांत बुजतं. दात घासायचा एक जुना ब्रश कायम टाकीपाशी ठेवा.

आणि चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. याच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. एकदा असाच एक व्हॉल्व्ह उघडला, तर आतल्या झडपेच्या कडेवर चुन्याच्या नळीतल्या किड्याने एक वळसा घालून घर केलं होतं. नखाएवढंही नाही, तांदळाच्या कणीएवढं. तेवढ्या कणीने झडप पूर्ण मिटत नव्हती आणि रात्रभरात पाणी झिरपत झिरपत खाली आलं होतं. रीफच्या पाण्यात चुना जमणारच. कोरलचा सांगाडा वाढावा म्हणून आपणच कॅल्शियम घालत असतो. चेक व्हॉल्व्ह हवा तर बसवा, पण हिशेब करताना तो नाहीच असं धरा.

रिटर्नचा कप्पा: पंप का घरघरतो

संपात बाष्पीभवन दिसतं ते फक्त रिटर्नच्या कप्प्यात. बाकी कप्प्यांची पातळी मधल्या काचांनी बांधलेली असते, आणि वरची ओव्हरफ्लोच्या दातांनी. म्हणजे अख्ख्या टाकीतून उडालेलं पाणी या एका लहानशा कप्प्यातून वजा होतं. दिवसाला ४ लिटर उडत असतील (तुमचा आकडा तुम्ही मोजा, पंखा लावला की वाढतो), तर वरच्या २८ बाय ३८ च्या कप्प्यात रोज पावणेचार सेंटिमीटर पातळी उतरते. पंपाला हवा न ओढता चालायला १२ सेंटिमीटर पाणी लागत असेल, तर २२ वरून तिथे यायला जेमतेम अडीच दिवस. "दोन दिवस लक्ष दिलं नाही की" याचं मूळ हे.

उडतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भरायचंही गोडंच, आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं). मिठाचं पाणी भरत राहिलात तर क्षारता वर वर जात राहते आणि संपाला उगाच बोल लागतो.

ऑटो टॉप-ऑफ (पातळी उतरली की भांड्यातलं गोडं पाणी आपोआप भरणारी सोय) हा यावरचा सरळ उपाय, फक्त त्याचं भांडं हिशेबात धरा. सेन्सर कधीतरी अडकणारच. त्या दिवशी भांड्यातलं सगळं पाणी संपात उतरलं तर काय? आपल्या उदाहरणात एकूण पाणी ४३० लिटर आहे. २० लिटर गोडं पाणी एकदम आलं तर ३५ ची क्षारता साधारण ३३.४ होते, कोरल नाराज होतील, पण बहुधा सावरतील. मात्र २८ पैकी २० लिटर जागा गेली आणि त्याच रात्री वीज गेली तर वरून येणाऱ्या १८ लिटरांना उरले ८, आणि काठापर्यंतचे आणखी दहा. काठोकाठ. भांडं दहा-बारा लिटरचं ठेवा आणि थोडं अधूनमधून भरायचे कष्ट घ्या.

मग रिटर्नचा कप्पाच मोठा का करू नये? करा, पण आता ते उलट्या बाजूचं लक्षण. ड्रेन तुंबला की पंप रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर फेकतो आणि खाली काहीच येत नाही. वरच्या टाकीत चालू पातळीपासून काठापर्यंत ४ सेंटिमीटर जागा असेल तर तिथे २७ लिटर मावतात. २८ सेंटिमीटर लांबीच्या कप्प्यातून पंप, हवा ओढत का होईना तळाशी पाच सेंटिमीटर उरेपर्यंत, जास्तीत जास्त १८ लिटर उचलू शकतो. वर पाणी काठाला न लागता पंपच कोरडा पडतो. हाच कप्पा ५० सेंटिमीटर लांब केलात तर ३२ लिटर उचलतो, आणि पाच लिटर दिवाणखान्यात. संप मोठा हवा हे खरं. पण पंपाच्या हाताला लागणारं पाणी वरच्या रिकाम्या जागेपेक्षा नेहमी कमीच हवं. लहान कप्पा ही इथे ढाल आहे.

ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावा, आणि दुसरा, आणीबाणीचा ड्रेन नसेल तर तो पुढच्या बदलांच्या यादीत सगळ्यात वर घ्या.

बुडबुडे

पंपाला पुरेसं पाणी आहे आणि तरी वर बुडबुडे दिसताहेत, तर मधल्या काचांमधली फट मोजा. ताशी २००० लिटरचा प्रवाह म्हणजे सेकंदाला ५५६ घन सेंटिमीटर. २ सेंटिमीटर फट आणि ३८ रुंदी असेल तर पाणी तिथून सेकंदाला ७ सेंटिमीटरहून जास्त वेगाने खाली जातं. बारीक बुडबुडा इतक्या वेगाने वर चढूच शकत नाही, तो पाण्याबरोबर ओढला जातो. फट ४ केली की वेग निम्मा. काचा हलवण्याआधी मात्र पंपाचा वेग कमी करून बघा, ते फुकट आहे. संपातून ताशी टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी पुष्कळ झालं. शिवाय प्रवाह कमी केला की ओव्हरफ्लोवरचा थर पातळ होतो, म्हणजे वीज गेल्यावर पडणारं पाणीही कमी.

ड्रेनचं टोक पाण्यात तीन-चार सेंटिमीटर बुडलेलं आहे ना, तेही बघा. हवेतून पडणारी धार फेस करतेच. स्किमर नवा असेल तर पहिले काही दिवस तो बुडबुडे सोडणार, त्याला वेळ द्या.

स्किमरचे नखरे

बहुतेक स्किमरना ठरावीक खोली लागते, मॉडेलप्रमाणे साधारण १५ ते २५ सेंटिमीटर. तुमच्या मॉडेलचा आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. स्किमर रिटर्नच्या कप्प्यात ठेवला असेल तर पातळी रोज बदलणार आणि कपही रोज वेगळा. तो काचांनी बांधलेल्या कप्प्यात हलवा. पाणी खोल असेल तर खाली ॲक्रिलिकचा पाट करून उंच करा. वीज आल्यावर कप भरून वाहतो, कारण त्या क्षणी संपात पातळी चढलेली असते. आधी रिटर्न, दहा मिनिटांनी स्किमर.

खरंच संप बदलायचा असेल तर

नॉझल वर, भोक साफ, प्रवाह कमी, आणि तरीही पडणारं पाणी मोकळ्या जागेत मावत नसेल, तर हो, आता संप लहान आहे. मापं घेताना उलटीकडून चला. पडणाऱ्या पाण्याला, वर ३ सेंटिमीटर सोडून, किती जागा हवी? स्किमरला पायाशी किती लांबी-रुंदी आणि किती खोली? रिटर्नचा कप्पा निदान चार दिवसांचं बाष्पीभवन सोसेल, पण वरच्या टाकीला बुडवणार नाही, असा केवढा? रेफ्युजियम (शैवाल वाढवायचा कप्पा) हवं असेल तर ते उरलेल्या जागेत. दोन संपांत सारखेच लिटर मावत असतील तर पसरट घ्या. त्यात पातळी कमी चढते. काचेची उंची मात्र स्किमरचा कप उचलायला वर हात जाईल एवढीच. कप निघत नाही म्हणून दर आठवड्याला अख्खा स्किमर बाहेर काढणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि कपाटाच्या दाराचं माप घ्या. आतली जागा १०० असते, दार ४५ चं, मधे एक खांब. नवा कोरा संप भिंतीला टेकवून ठेवलेला मी दोन घरांत पाहिलाय.

इथे थांबा, माणूस बोलवा

पाणी एक्स्टेंशन बोर्डावर किंवा प्लगवर गेलं असेल तर कशालाही हात लावू नका, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. संपात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तरी हेच. "थोडासाच करंट आहे" असं म्हणून पंप बदलत बसू नका. गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण त्या जोडणीवर नसेल तर ते त्याच भेटीत बसवून घ्या.

संपाच्या सांध्यातून पाझर असेल तर वरून सिलिकॉन फासू नका. जुन्या सिलिकॉनला नवं नीट धरत नाही; सांधा खरवडून पूर्ण नव्याने करावा लागतो आणि ते टाक्या बनवणाऱ्याचं काम आहे.

आणीबाणीच्या ड्रेनसाठी मुख्य टाकीला भोक पाडायचं असेल तर स्वतः पाडू नका. टेम्पर्ड काच भोक पाडताना फुटून तिचा चुरा होतो, आणि बऱ्याच टाक्यांचा तळ टेम्पर्ड असतो.

आणि मोठा संप म्हणजे मोठं वजन. समुद्राचं पाणी लिटरला किलोपेक्षा जरा जास्तच भरतं. ४३० लिटरचे ४४० किलो, वर काच, दगड, वाळू, कपाट. टाकीतलं पाणी एका बाजूला कललेलं दिसत असेल, कपाटाचं दार आता घासायला लागलं असेल किंवा खालची फरशी हलत असेल, तर पाणी कमी करा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. संपाची ऑर्डर त्यानंतर.

नवा बसवा की जुनाच ठेवा, पंप बंद करण्याची चाचणी वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा, आणि त्यातली एक फिल्टर सॉक (ड्रेनच्या पाण्यातला कचरा अडवणारी पिशवी) मळलेला असताना. पट्ट्या काचेवर राहू द्या. माझ्या संपावरची शाई उडालीय, खूण अजून आहे.